दोन हातांत मावेल तेवढंच

एकोणीसशे अडुसष्टच्या ऑगस्टात, अमेरिकेतल्या ऑकलंडमध्ये, वर्लीनच्या घरासमोर सकाळपासून एक करडी गाडी उभी होती. आतली दोन गोरी माणसं तिच्या दाराकडे नजर लावून बसली होती. काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चा काढला म्हणून तिच्या नवऱ्याला कालच पोलिसांनी उचललं होतं. आता काळ्यांना बायकापोरांसकट छावण्यांत कोंडणार, अशी आवई उठली होती. वर्लीनने हाताला लागेल ते सामान जमवायला घेतलं होतं.

मागच्या दाराने शेजारच्या तानाबेबाई दोन बॅगा घेऊन आल्या. महायुद्धात याच सरकारने त्यांना जपानी म्हणून अशा छावणीत डांबलं होतं. वर्लीनने जमवलेल्या पसाऱ्यातून त्यांनी बिडाचा तवा आणि लग्नाचा फोटो बाजूला काढला.

"हे राहू दे गं. दोन हातांत मावेल तेवढंच नेऊ देतात. चादर घे, ताटली घे, चमचा घे. आणि लोकरीचा कोट."

"काकू, ऑगस्टात कोट?"

"ऑगस्टातच परत सोडतील, असं कोण म्हणालं तुला?"

बाहेर गाडीचं दार आपटलं. एक बॅग भरली होती. वर्लीनने घाईघाईने फोटो दुसरीत कोंबायला घेतला, तर ती आधीच गच्च भरलेली.

"ही कुणाची?"

"माझी." तानाबेबाईंनी ती उचलून वर्लीनच्या बॅगेशेजारी ठेवली. "आम्हाला नेलं ना, तेव्हा सगळी गल्ली पडद्याआडून नुसती बघत होती."