पूर्ण रेंज

“इथं फक्त सही करायची, मावशी,” टॉवरवाली म्हणाली, आणि ‘फक्त’ हा शब्द तिचा तिलाच टोचला.

मावशींनी कागद उचलला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता तिथंच राहू दिला आणि चष्मा सापडत नसल्यासारख्या त्याच्याकडे बघत राहिल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

टॉवरवाली म्हणजे मोबाइल कंपनीला टॉवरसाठी जागा मिळवून देणारी बाई. तिच्या नकाशावर या खोऱ्यात एकच वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात टॉवर उभा राहील अशी जागाही एकच, या घरामागचा उंचवटा. एरवी एका होकारासाठी तिला लोकांच्या दारात चपला झिजवाव्या लागत. इथं उलटंच झालं होतं. मावशी स्वतः तिच्या ऑफिसात येऊन बसल्या होत्या. “टॉवर आमच्याकडेच घाला,” म्हणाल्या होत्या. धाकटा मुलगा घर सोडून गेला तेव्हा आईच्या हातात फोन ठेवून गेला होता. पोचलो की करतो म्हणाला. त्याला आठ वर्षं झाली. घरात रेंजचा पत्ता नाही, म्हणून मावशी रोज संध्याकाळी वरच्या वळणावर जाऊन बसायच्या. तिथं एक काडी यायची, कधी तीही नाही. आता गुडघे ऐकेनासे झाले होते.

सगळं जुळलं आणि एका सहीवर अडलं. जागा मावशींच्या वारलेल्या नवऱ्याची. म्हणजे आता मावशींची, मुलीची आणि धाकट्याची. धाकट्याची सही आणायची कुठून? कंपनीच्या वकिलानं वाट काढली. इतकी वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मेलेला धरतो. आईनं तसं लिहून दिलं की पुढचं कोर्ट बघेल.

“आई, कर ना सही,” मुलगी ओट्याला टेकून उभी होती. “कागदावर लिहिल्यानं कुणी मरत नाही.”

“मग लिहायचं कशाला?”

“टॉवर हवा कुणाला होता? तुलाच ना?”

“मला टॉवर नको होता गं,” मावशी म्हणाल्या. “मला त्याचा फोन हवा होता.”

मुलीनं फडकं घेऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. मग आईशेजारी येऊन बसली. “खालच्या घरातली बाळंतपणात अडली होती तेव्हा तिचा नवरा अंधारात वळणापर्यंत पळत गेला, डॉक्टरला फोन लावायला. तूच त्याला पाणी दिलंस ना? पुढच्या वेळी कुणी पोचलंच नाही तर?”

मावशींनी टॉवरवालीकडे पाहिलं. “तू सांग, मुली. दुसरीकडे कुठंच बसत नाही तुमचा टॉवर?”

‘बसतो’ असं खोटं बोलणं सोपं होतं. “नाही बसत,” टॉवरवाली म्हणाली. “इथं नाही झालं तर ते वर्तुळच खोडतील. पुन्हा कधी काढतील, नाही सांगता येत.”

“त्याचं कुठं लिहिलंय ते दाखव.”

टॉवरवालीनं बोट ठेवलं. मावशींनी ती ओळ वाचायला घेतली, आणि धाकट्याच्या नावापाशी आल्यावर आवाज एकदम खाली आणला. वर कुणी ऐकेल अशी धास्ती घेतल्यासारखा. वरच्या खोलीत कुणी राहत नव्हतं. अंथरूण तेवढं रोज झटकलं जाई.

“तारीख कुठली घालायची?” त्यांनी विचारलं.

“ती कोर्ट ठरवतं, मावशी.”

“बरं झालं. मला माहीत नव्हती.”

त्यांनी सही केली. अक्षर नीटनेटकं, शाळेतल्यासारखं. सही झाल्यावरही हात काही वेळ कागदावरच दाबून धरलेला होता, जसा एखाद्याच्या तोंडावर धरावा. मुलीनंच तो हळूच उचलला.

टॉवर उभा राहिला. सुरू झाला त्या दिवशी टॉवरवाली मुद्दाम आली. सगळं खोरं मावशींच्या अंगणात उतरलं होतं. शेजारी शेजाऱ्याला फोन लावत होता. “अहो, दिसताय की समोर, हात कसला करताय, बोला फोनवर!” पळत वळणापर्यंत गेलेला तो नवरा लेकराला कडेवर घेऊन कुणाशी तरी बोलत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं असं टॉवरवालीला फार दिवसांनी वाटलं. मावशींना आपणच पहिला फोन करावा म्हणून तिनं नंबर लावला.

फोन बंद होता.

ती घरात गेली. मावशी एकट्याच शेंगा सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या हॅलो-हॅलोचा गलका खिडकीतून आत येत होता.

“मावशी, फोन बंद लागतोय तुमचा.”

“मीच ठेवलाय बंद. ये, बस.”

“अहो, चार्जिंग संपलं असेल. द्या इकडे, लावते मी. आता घरात पूर्ण रेंज आहे, ओट्यापाशीसुद्धा.”

“माहीत आहे. मुलगी दाखवून गेली.” मावशींनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “सही केली त्या दिवसापासून वळणावरही गेले नाही मी.”

टॉवरवाली समोर बसली. “पण मावशी... त्याचा फोन आला तर?”

मावशींचे हात थांबले.

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “आता वाजलाच, तर कोण बोलतंय समजून उचलू मी?”