पादाजीरावांची तोफ

शेंबडाचा पूर किल्ल्याच्या दाराला लागला, गनिमाची अख्खी फौज त्यात घसरून आपटली, तरी तो हसला नाही.

शालननं पुढचा कागद वर धरला. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून तिनं ही चित्रकथा रंगवली होती. नायक सरदार पादाजीराव. ढेरी नगाऱ्याएवढी, घोडा कायम सर्दीनं बेजार. शेंबडाला उसाचा पाला चुरडून हिरवा रंग दिलेला. साताऱ्याच्या शाळेतल्या मैत्रिणी हे बघून बाकाखाली लोळल्या होत्या.

हा मात्र खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होता. बाहेर उसाला तुरे आले होते. वाऱ्यावर ते डुलत, आणि सगळं शिवारच ढगांवर तरंगल्यासारखं वाटे. त्याचे डोळेही तसेच, कुठंतरी लांब तरंगत. शालनला वाटे, एखादं चित्र पुरेसं घाण जमलं, तर ते डोळे पतंगासारखे खाली ओढून आणता येतील.

सातारा रोडला आगगाडीतून उतरला, तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"भ्यालंय माजं लेकरू," आजी म्हणायची. "खा रं गुंडा, एवढा घास." तीच भरवायची. आई ताट सरकवून, डोक्यावरचा पदर ओढून दाराआड उभी राहायची.

कुठं काही वाजलं, की तो खाटेखाली. शेजारच्या लग्नात बार उडाले, तर दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही.

शालनचे थोरले चुलते, लालासाहेब तात्या, पार वैतागले होते. "रविवारी त्याला पुण्याला येड्यांच्या इस्पितळात नेऊन घालतो. तिथं ठिवलं की सुधारंल."

"तिथं मारत्यात म्हणं," आजी पुटपुटली.

"मग हितं बसवून पूजा करू व्हय? एक शब्द तर बोलू दे त्याला!"

रविवारी गाडी जुंपली. शालन शेवटचा कागद घेऊन धावत आली.

"तात्या, एवढं एकच चित्र!"

"शेंबूड पुरं झाला गं बाई!"

"शेंबूड न्हाई. तोफ हाय."

चित्रात पादाजीराव बुरुजावर ओणवे, पाठ गनिमाकडं. ही तोफ कशी वाजते, ते शालननं आजवर गाळलं होतं. त्याला आवाज सोसत नाही ना! पण आवाजाशिवाय तोफ कसली? तिनं तळवा काखेत घातला, डोळे मिटले आणि हात दाबला.

पर्रर्रर्र!

तो खाटेखाली.

"झालं समाधान?" तात्या गरजले. आजीनं कपाळाला हात लावला. शालनच्या हातातून कागद गळाला.

मग खाटेखालून उत्तर आलं. काखेतलं नव्हे, अगदी खरं. लांबलचक, शेवटी शेपूट असलेलं. बाहेर बैल दचकला.

पाठोपाठ हसू. आधी घोगरं, अडखळतं, मग खो खो.

"ही... ही खरी तोफ," खाटेखालून शब्द आले.

दाराआड आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसते की रडते, कळेना. तात्या मुकाट्यानं बैल सोडायला गेले.

शालन भुईवर आडवी झाली. खाटेखाली हात घालून तिनं त्या झुपकेदार मिशांना लागलेली जळमटं हलकेच पुसली.

"या बाहेर, आबा. तुमची लढाई कवाच संपलीया."