पादरीबाबांची उशी

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे अमरावतीच्या गिरजाघराचा चौकीदार पुंजाराम गाद्या भरणाऱ्या जमुनेवर चोरीचा आळ घेत होता. वेदीसमोर गुडघे टेकायची उशी तिनं दोनदा भरली, आणि दोन्ही वेळा तिच्यात खड्डे पडले.

"तुनं कापूस कमी भरला," तो म्हणाला. "मोठे पादरी पटकीच्या साथीत वारले, नवे अजून आले नाईत. मंग गुडघे टेकते कोन?"

"तेच पाह्याचं हाये. मी आज इथून उठणारच नाई."

तिनं उशी तिसऱ्यांदा ठासून भरली, तोंड न शिवताच वेदीसमोर ठेवली, आणि उरलेल्या कापसाच्या ढिगावर बसली. भर दुपार होती. पुंजाराम दारात उभा राहिला.

उशीत हळूहळू दोन खड्डे पडले.

पुंजाराम पळाला. जमुना हलली नाही.

"उठा, पादरीबाबा," ती म्हणाली. "माह्या नावाले बट्टा लागून राहिला."

खड्डे भरून आले. उशी पुन्हा टम्म झाली. जमुनेनं सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात, ती बसली होती त्याच ढिगावर, तिच्या अगदी शेजारचा कापूस सावकाश खाली दबला.