गळका डबा

डब्यातून पाणी ठिबकत होतं. ललितानं तो पालथा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला. आत घोटभर पाणी खळखळलं.

बुडाच्या कडेला खिळ्याएवढं भोक होतं.

तिचा पोरगा यशराज भाकरी खात होता. पोहून आला की त्याला जगात फक्त भाकरी दिसायची. डबा कुठं आपटलास म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं मान हलवली आणि आणखी आमटी मागितली.

गोडेतेलाचा रिकामा डबा, तोंड पक्कं बंद केलेला. तो पाठीला बांधायचा आणि विहिरीत उडी मारायची. शिवाजी पेठेतली निम्मी पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत अशीच पोहायला शिकली होती, पेठेबाहेरच्या मळ्यात, सयाजी वस्तादाच्या हाताखाली. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात यशराजची पाळी आली. पोरं एकमेकांच्या पाठीला डबे बांधायची आणि वस्ताद काठावर बसून शिव्या द्यायचा. डोळ्यांवर हात आडवा धरून बघायचा आणि एकाच्या वाटणीची शिवी दुसऱ्याला घालायचा. चष्मा घ्या म्हटलं, की म्हणायचा, "पोरगं बुडाय लागलं की आवाज येतोय. त्याला चष्मा कशाला?"

आयांना विहिरीवर यायची बंदी होती. आई काठावर दिसली की पोरगं पाण्यात रडतं, हा त्याचा एक कायदा. दुसरा कायदा, डबे घरी न्यायचे नाहीत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवून जायचं. बाकीच्या आया ऐकायच्या. यशराजचा डबा मात्र रोज पिशवीतून घरी यायचा आणि ललिता रोज तो तपासायची.

तिला कारण होतं. माहेरी, हातकणंगल्याजवळ, दगडाच्या खणीत साठलेल्या पाण्यात तिचा धाकटा भाऊ कृष्णात तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. ती काठावर उभी राहून नुसती ओरडत होती. पोहता तिलाही येत नव्हतं. यशराज झाला तेव्हाच तिनं ठरवलं होतं, ह्याला पाढे उशिरा आले तरी चालतील, पोहणं यायला पाहिजे.

शेजारच्या झुंबरबाईला तिनं भोक दाखवलं. झुंबरबाई लसूण सोलत होती. तिचा गुंडू दोन उन्हाळ्यांपूर्वी शिकलेला.

"आमच्या गुंडूचाबी शेवटी शेवटी गळाय लागलेला की," ती म्हणाली. "तवर त्याला पवाय आलं. पत्र्याचं काय एवढं मनावर घेतीस?"

ललितानं डबा काखेत मारला. ज्यांच्या घरातलं कुणी बुडालेलं नाही, त्यांना काय सांगायचं.

ती डबा घेऊन डाख देणाऱ्याकडे गेली. त्यानं भोकावर कथील ओतलं आणि कानशीनं घासून सपाट केलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. गंज धरू नये म्हणून घरात उरलेल्या तांबड्या ऑइलपेंटचा तिनं हात फिरवला. वाळल्यावर डबा बादलीत दाबून धरला. एक बुडबुडा आला नाही.

भोक बुजवल्याचं वस्तादाला सांगू नकोस, रंग नुसता ओळखीसाठी दिलाय म्हण, असं तिनं यशराजला बजावलं. डबा रोज घरी नेतोस म्हणून शिव्या बसल्या असत्या.

पुढं आठवडाभर यशराज विहिरीला गिरक्या घालत होता. तांबड्या डब्यामुळं वस्तादाला तो आता लांबूनही ओळखू यायचा. शनिवारी यशराजनं निरोप आणला. उद्या डबा सोडायचा, बिनडब्याचं पोहायचं.

आणखी आठवडा थांब, असं ललिता म्हणणार होती. पण वस्ताद कुणाचा डबा उगाच सोडत नाही, असं सगळी पेठ म्हणायची. डबा सुटला की विहिरीला नारळ द्यायची रीत होती. तिनं नारळ देऊन पोराला धाडलं आणि मागं शिरा केला. वेलदोडा जरा जास्तच पडला.

पातेल्यावर ताट झाकेपर्यंत गल्लीत पोरं पळत आली.

यशराजनं वरच्या पायरीवरून उडी मारली होती. वस्ताद आवाजाची वाट बघत बसला. आवाज आला नाही. पोरांनी बोंब ठोकली तेव्हा त्यानं धोतरासकट उडी टाकली, बुड्यांवर बुड्या मारल्या. पोराला वर आणलं तेव्हा पोरात काही उरलं नव्हतं.

ललितानं वस्तादाला विहिरीवरच चपलेनं मारलं. त्यानं हात आडवा धरला नाही. चौकीत साहेबांनी विचारलं, डबा कुणी सोडला. तो म्हणाला, मी.

"पवाय येत हुतं त्याला, साहेब. आठ दिस झालं, आपलं आपण पवत हुता."

आदल्या दिवसापर्यंत पोराच्या पाठीला तांबडा डबा होता, हे शंभर डोळ्यांनी बघितलेलं. म्हातारा तोंडावर खोटं बोलतोय आणि त्याची जीभही अडखळत नाही, हे लोकांना जास्त लागलं. विहिरीवर जाळी बसली. वस्तादाच्या दारावरून पेठ मान फिरवून जायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर तो ललिताच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच बसला. तिनं पाणी विचारलं नाही. डबा एकदा हातात पायजे, एवढंच तो म्हणाला.

तिनं माळ्यावरून डबा काढला आणि त्याच्यापुढं आदळला.

"बघा. ह्यो पाठीला असता, तर माझं पोरगं आज शाळंत असतं."

वस्तादानं डबा मांडीवर घेतला.

"चौकीत सांगत हुतो, पोरी, पर कुणी ऐकून घेतलं न्हाय. पोरगं हातपाय मारायला शिकलं, की मी त्याच्या डब्याला गुपचूप खिळ्यानं भोक पाडतो. सगळ्यांच्याच. आयांना सांगत न्हाय, आया पोरांना सांगत्यात आन पोरं भ्यात्यात. डबा पाण्यानं भरतोय, पोराला वाटतंय डबाच तारतोय. तुझंबी आठ दिस भरल्या डब्यानं पवलं. मग मोकळं सोडल्यावर बुडलं कसं, ह्येच मला उमगंना झालंय."

बोलता बोलता त्याचा अंगठा बुडाच्या कडेनं फिरत होता. पेंटखाली एका जागी तो थांबला. मागं गेला, परत तिथंच आला.

"हितंच पाडलंतं," तो म्हणाला. "ह्ये कुणी बुजवलं, पोरी?"