आजचा आकडा

वजनं उचलण्याचा वर्ग सुटला की शिकवणाऱ्या ताई प्रत्येकीला जळालेल्या कॅलरींचा आकडा सांगत. बाकीच्या तो दारापर्यंतही लक्षात ठेवत नसत. ग्रंथालयात काम करणारी पोरगी मात्र तळहातावर लिहून न्यायची. काल तिची आई येऊन म्हणाली, "तुम्ही दोनशे म्हणालात की ती दिवसभरात तेवढंच खाते. चार महिन्यांत पार चिपाड झाली हो." आज वर्ग सुटल्यावर पोरगी पेन उघडून समोर आली. "ताई, किती?" "आठशे," ताई नजर चुकवत म्हणाल्या. पेन हवेतच थांबलं. "आईनं सांगितलं ना? मला खरा आकडा हवाय." ताईंनी तिचा काटकुळा हात धरला. "खरा मलाही माहीत नाही गं. पहिल्या दिवसापासून अंदाजपंचे सांगतेय." पोरगी मटकन बाकावर बसली. "मग इतके दिवस मी कशाच्या भरवशावर उपाशी राहिले?"