तिसऱ्या अंकातलं मरण

बाटलीचं बूच निघालं आणि रेवणप्पाच्या नाकपुड्या थरारल्या. ठरलेलं गुळाचं पाणी आत नव्हतं. अस्सल अफूचा अर्क होता.

तामलवाडीच्या जत्रेतलं नाटक, अंक तिसरा, आणि वेळ भर दुपारची. नाटक खरं रात्रीचं. पण उस्मानाबादहून यायच्या गॅसबत्त्यांची यष्टी हुकली, म्हणून नायकाला मारायचं ते उन्हातच मारायचं ठरलं. विरहानं पोळलेला नायक अर्काची बाटली रिती करतो आणि कोसळतो, असं मार्तंड गुरुजींनी लिहिलं होतं. तालमीत रेवणप्पानं शंका काढून पाहिली होती.

"गुरुजी, ह्यो अर्क वैद्य हगवणीवर देत्यात. लईच झालं तर खोकल्यावर. पिरमाचं काय न्हाय त्यात."

"रेवणप्पा, वाङ्मयात हगवण नसते," गुरुजी म्हणाले, आणि विषय मिटला.

नायकाचं काम रेवणप्पाकडं आलं ते काही त्याच्या गळ्यामुळं नव्हे. तीस वर्षं अफू खाल्लेला माणूस. डोळे जड करून दाखवावेत तर त्यानंच. सरकारनं दुकानातली अफू बंद केली तेव्हा तो आठ दिवस असा कण्हत होता की तुळजापूरच्या घाटातल्या मोटारी, मागून दुसरी मोटार आली समजून बाजूला होत होत्या. आज अफू सुटून चाळिसावा दिवस.

नाटकाच्या सामानाचा मुखत्यार हरिबा, त्याचा जुना अफूसोबती, विंगेतून डोळे मिचकावत होता.

"वैद्याच्या माळ्यावरनं उडवली," तो कुजबुजला. "तुज्यासाठनं, दोस्ता. प्ये! समद्यांदेखत प्ये, कोण न्हाय म्हणतंय?"

आणि खरंच, कोण नाही म्हणणार होतं? गुरुजींनी तर वहीत लिहूनच दिलं होतं: 'पितो.' एका घोटात चाळीस दिवस मातीत जाणार होते, आणि वर टाळ्या पडणार होत्या.

वास असा मातला, की पुढच्या रांगेतल्या पाटलांनी दोन जांभया दिल्या आणि त्यांच्या मांडीवरच्या कोंबड्यानं तिसरी. रेवणप्पाच्या तोंडाला पाणी सुटलं. हात आपसूक वर निघाला. बाया बसल्या होत्या त्या अंगाला त्याची बायको चन्नम्मा पदरानं वारा घेत होती. तिचा पदर थांबला. तिथवर वास पोचला नव्हता, पण तो हात तिच्या ओळखीचा होता.

"प्या!" पडद्याआडून वही धरून गुरुजी फुसफुसले. "प्या आणि मरा!"

बाटली ओठांपाशी आली. तिथं थांबली. थांबली ती इतकी, की दूरच्या पाळण्यांची करकर ऐकू येऊ लागली.

मग रेवणप्पानं ती उलटी केली.

काळा अर्क फळ्यांवर सांडला, फटींतून खाली गळला. खाली बांधलेलं शेरडू तिसऱ्या दिवशी उठलं म्हणतात. विंगेत हरिबानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"अहो, मरा ना!" गुरुजी रडकुंडीला आले. "बसप्पा यायचाय आत!"

"गुरुजी," रेवणप्पा म्हणाला, तेही साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं, "तीस वर्सं रोज मरून दावलं. आज न्हाय मरत म्या."

एवढ्यात नायिका झालेला बसप्पा, नऊवारीत अडखळत, हंबरडा फोडत धावत आला. बघतो तर प्रेत मांडी घालून बसलेलं. अकरा कडव्यांचा विलाप त्याच्या घशातच अडकला.

"आता रं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "म्या रडू कुणाला?"

"रडतीस कशाला," रेवणप्पा म्हणाला. "लई भूक लागलीय मला."

हे वाक्य वहीत नव्हतं. अफूनं भूक मारलेल्या तीस वर्षांत त्याच्या घरातही ते कुणी ऐकलं नव्हतं.

जत्रा पोट धरून हसत होती. चन्नम्मा मात्र हसली नाही. ती उठली, भाकरीचं गठुडं काखोटीला मारलं आणि माणसांतून वाट काढत सरळ रंगमंचावर चढली. त्या फळ्यांवर तोवर बाईमाणूस म्हणून एकटा बसप्पाच काय तो चढला होता. तिनं गाठ सोडली, भाकरी मोडली आणि नवऱ्यापुढं धरली.

"खावा," ती म्हणाली.

बसप्पानं एकवार पडद्याकडं पाहिलं, एकवार भाकरीकडं. मग नऊवारी वर खोचून फतकल मारली.

"सरका जरा, वैनी," तो म्हणाला. "कांदा म्या फोडतो."