एकच मागणी
परक्याने लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये नको तिथे हात घालणार नाही, हे पाहणं हीच तिची नोकरी. निवृत्तीनंतर कोडिंग शिकणाऱ्या बाबांनी पाठवलेला पहिलावहिला प्रोग्रामही तिने ऑफिसात सवयीने सगळ्या वाटा बंद करूनच सुरू केला. “बापावरही भरवसा नाही?” तिने हे सांगताच फोनवर बाबा हसले. “बापावर आहे, त्याच्या कोडवर नाही.” प्रोग्राम मात्र ढिम्म हलेना. कुठे अडलंय ते तिने पाहिलं. त्याची एकच मागणी नाकारली गेली होती: घड्याळ बघायची. एवढंच? तिने परवानगी दिली. पडद्यावर अक्षरं उमटली: “दोन वाजून गेले. जेवलीस का?” आई गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं, बाबांना असलं काही बोलायला कधी जमलंच नव्हतं. तिने डबा उघडला. “चालला का गं?” बाबांनी दबकत विचारलं. तोंडातला घास सांभाळत ती म्हणाली, “जेवतेय, बाबा.”